लोणारचा किरणोत्सव, अन् रात्रीच्या एका तासाचे २९४० रुपये

मे महिन्यात लोणारला जायचं कारण एकच, दैत्यसूदन मंदिरातला किरणोत्सव. तो पाहायचा नसेल तर मे मध्ये तिकडं फिरकूच नका. इकडचं ऊन काय असतं ते इकडच्या लोकांना सांगायची गरज नाही, अन् पुण्या-मुंबईवाल्यांना सांगून पटत नाही. आमच्या आत्याला मात्र किरणोत्सवच पाहायचा होता, कितीतरी वर्षं तिचं चाललेलं, म्हणून मी, भाऊजी, आत्या अन् भाचा असे निघालो.

सगळ्यात आधी वेळेचं सांगतो, कारण आम्हाला याच्यातच फसवलं. किरणोत्सव साधारण १४ ते १९ मे च्या दरम्यान असतो अन् किरणं गाभाऱ्यातल्या विष्णूच्या मूर्तीवर पडतात ती सकाळी अकरा ते साडेअकराच्या मधात. पहाटे नाही, सूर्योदयाला तर नाहीच नाही. आम्हाला गाडीवाला काय म्हणला, "दादा, रातीच निघा लागते, पाच वाजता हजर पाहिजे, नाहीतं किरण हुकते." त्याच्यात भाच्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, त्यातला पोरगाही "सूर्योदयाचं लोणार" करून ओरडत होता. झालं, रात्री अकराला गाडी दारात.

आता हिशोब ऐका, अन् ज्याला गाडी भाड्यानं घ्यायची आहे त्यानं हा भाग दोनदा वाचा. भाव ठरला होता १४ रुपये किलोमीटर, दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर. इथपर्यंत ठीक आहे, सगळेच असं लावतात. पण "दिवस" म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. दिवस म्हणजे गाडी निघाल्यापासून चोवीस तास नाही, दिवस म्हणजे तारीख, रात्री बारा ते रात्री बारा. आम्ही अकराला निघालो, म्हणजे पहिल्या तारखेला गाडी चालली एक तास, दुसऱ्या दिवशी रात्री नऊला घरी. मीटरवर गॅरेज ते गॅरेज ३९० किलोमीटर. बाराच्या पाच मिनिटं नंतर निघालो असतो तं ३९० गुणिले १४, म्हणजे ५४६०. बिल आलं ६०० किलोमीटरचं, ८४००. एका तासाचे २९४० रुपये! वरून ड्रायव्हरचा भत्ता ४०० च्या हिशोबानं दोन दिवसांचा अन् रात्री गाडी चालवल्याचे ३०० वेगळे. म्हणजे ज्यानं सांगितलं रात्री निघा, त्यालाच रात्रीचे पैसे. वारे वा.

टोलचं तं त्याच्याहून भारी. आम्ही वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याकडचे, मंगरूळपीरवरून शेलूबाजारला समृद्धी पकडली अन् मेहकरला उतरलो, तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटर. समृद्धीवर टोल बाहेर पडताना लागतो, जेवढं अंतर तेवढा, अन् कारला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे आहे (२०२२ ला रस्ता सुरू झाला तेव्हा १ रुपया ७३ होता). म्हणजे शंभर किलोमीटरला २०६ रुपये, पाचवीतलं पोरगंही काढून देईल. आमच्याकडून मागितला जायचा-यायचा मिळून हजार! मी बूथवरच्या स्क्रीनचा आकडा पाहून ठेवला होता म्हणून बरं, नाहीतं दिलेच असते. फास्टॅगचा मेसेज गाडीमालकाच्या मोबाईलवर जातो, तुमच्या नाही, म्हणून बूथवर गाडी थांबली की स्क्रीनचा फोटो काढा, ड्रायव्हर तोंड वाकडं करते तं करू द्या. निघताना मीटरचाही फोटो काढा अन् तो तिथल्या तिथं मालकाला पाठवा, म्हणजे नंतर "गॅरेजपासून तुमच्या घरापर्यंत तीस किलोमीटर" असली नाटकं होत नाहीत. आमचं घर अन् त्याचं गॅरेज यांच्यात तीस किलोमीटर नाहीच, असो.

गाडीची पाटीही पाहून घ्या. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे ड्रायव्हरसहित भाड्याची गाडी, काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी. पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी, ती भाड्यानं चालवता येत नाही अन् काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी अर्धा धंदा पांढऱ्या पाटीवरच चालतो, दोन रुपये स्वस्त पडते म्हणून लोक घेतात. मी घेत नाही. अन् मे मध्ये समृद्धीवर जात असाल तं टायर वाकून पाहा, गोटा झालेला टायर घेऊन त्या सिमेंटच्या रस्त्यावर जायचं काम नाही, उन्हाळ्यात तिथं टायर फुटून काय काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. स्टेपनीत हवा आहे का तेही दाबून पाहा.

तर पोचलो रात्री अडीचला. अडीचला! अख्खं लोणार झोपलेलं, चहाची टपरी नाही, काही नाही. उभ्या गाडीत एसी लावायला ड्रायव्हर तयार नाही, काचा उघड्या ठेवल्या तं डास. आत्या जपमाळ घेऊन बसली, भाऊजी घोरायला लागले, मी पाच वाजेपर्यंत तारे मोजले.

उजाडल्यावर विवराच्या काठावर गेलो, तो एक अर्धा तास मात्र खरंच भारी होता, खोटं नाही बोलणार. जवळपास १.८ किलोमीटर रुंद खड्डा, खाली हिरवट पाणी, मोरांचा आवाज. गाव अन् धारेची (धार म्हणजे काठावरचा बारमाही झरा) मंदिरं विवराच्या ईशान्येला आहेत, त्यामुळे तिथून सकाळी पाहिलं तं सूर्य पाठीमागे राहतो अन् समोरची कडा उजळते, फोटो मस्त येतात. संध्याकाळी तिथंच उभं राहिलं तं सूर्य डोळ्यात. म्हणजे फोटोच काढायचे असतील तं सकाळ चांगली, पण त्याच्यासाठी सहा-साडेसहा खूप झाले.

आता गुलाबी पाण्याबद्दल. भाच्याला कोणीतरी सांगितलेलं की पाणी गुलाबी असते. बापा, ते जून २०२० मधे झालं होतं, पाणी आटून खारटपणा वाढला अन् मीठ सहन करणारे सूक्ष्मजीव वाढले त्यानं, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं होतं. थोडे दिवस होतं, गेलं. अजूनही लोक तो फोटो दाखवून गिऱ्हाईक आणतात. तसंच वय. आम्हाला एकानं छातीठोक सांगितलं बावन्न हजार वर्षं. तो जुना अंदाज आहे, नंतरच्या तपासणीत साधारण पाच लाख सत्तर हजार वर्षं निघालं. उल्का पडून काळ्या पाषाणात, बेसाल्टमधे झालेलं विवर आहे एवढं मात्र पक्कं.

अन् आता ती उतरण. ड्रायव्हर रात्रीपासून म्हणत होता, "गाडी खाली पाण्यालोक जाते, उजाडलं की नेतो." म्हणून आम्ही थांबलो, अन् हा झोपला साडेसातपर्यंत. उठला तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या बाबानं सांगितलं की गाडी कुठून जाते रे बाबू, पायीच जा लागते. सव्वाआठला आम्ही धारेच्या बाजूनं पायऱ्या उतरायला लागलो. पाणी काठापासून १३७ मीटर खाली आहे, म्हणजे चाळीसेक मजली इमारत उतरायची अन् परत चढायची. उतरताना काही वाटत नाही, तीच गंमत आहे. दगडी पायऱ्या, कुठं फुटलेल्या, कुठं गुडघ्याएवढ्या उंच, वाटेत पडकी जुनी मंदिरं, माकडं. खाली पोचलो अन् वारा एकदम बंद. चारी बाजूंनी कडा, हवा हलत नाही, पाण्याचा सडल्यासारखा वास, काठाला चिखल. पाणी खारंही अन् सोड्यासारखं अल्कलीही, त्याच्यात पाय बुडवायची हौस असेल तं ती घरीच ठेवून या. कमळजा मातेचं मंदिर खाली काठावर आहे, पण पाण्याची पातळी वाढली की तिथपर्यंत पाणी येते, म्हणून वरच विचारून घ्या, नाहीतं उतरून उपयोग नाही.

चढायला लागलो साडेनऊला. हा एक तास मी विसरणार नाही. ऊन सरळ कड्यावर, पायऱ्यांचे दगड तापलेले, हात टेकवता येत नाही. आत्या पंधरा-वीस पायऱ्यांवर बसायची, डोक्यावरचा दुपट्टा ओला करायचा, परत चालायचं. चौघांत तीन लिटर पाणी, ते निम्म्यातच संपलं. भाऊजींनी आत्याची पिशवी गळ्यात घातलेली, भाचा पुढं पळून परत खाली यायचा अन् "अजून लय आहे" म्हणून सांगायचा, त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. अन् डोक्यात सतत घड्याळ, की अकराला मंदिरात पोचलो नाही तं कशासाठी आलो. एका ठिकाणी आत्याच म्हणली, "बापा, देव वर राह्यला अन् आपण पाताळात काऊन आलो?"

माझं स्पष्ट मत ऐका. मे मध्ये सकाळी सातनंतर खाली उतरायचं नाही. सहाला पायरीवर, साडेआठच्या आत वर. माणशी दोन लिटर पाणी, कमी नाही. साठीच्या पुढचं माणूस सोबत असेल तं उतरायचंच नाही, काठावरून अन् धारेवरून पाहा. चपलेवर जाणारे दिसले, त्यांना नमस्कार.

धावतपळत पावणेअकराला मंदिरात पोचलो. मंदिर गावातच आहे, चालुक्यांच्या काळातलं, बाहेरून भिंतीवर इतकं कोरीवकाम की एरवी मी तासभर फिरलो असतो. आत छतावर लवणासुराच्या वधाचं शिल्प आहे (त्याच्यावरूनच गावाचं नाव पडलं म्हणतात), पण आत मिट्ट अंधार, टॉर्च घेऊन जा. किरणोत्सवाच्या दिवसांत मात्र छत पाहायच्या नादी लागू नका, कारण जागा धरावी लागते. गाभाऱ्याचं दार अरुंद, आत थोडेच लोक मावतात, बाकीचे मागून माना ताणतात. साडेदहापर्यंत पोचलात तं बरं. अन् ढग आला तं काहीच दिसत नाही, मे मध्ये अवकाळीचं वातावरण असतंच, म्हणून शक्य असेल तं दोन दिवस हाताशी ठेवा.

अकरा वाजून गेल्यावर ऊन आत सरकलं, अन् मूर्तीचा चेहरा उजळला. डोळे, नाक, ओठ, सगळं एकदम स्पष्ट, जे दोन मिनिटांपूर्वी दिसतच नव्हतं. मागचे लोक मोबाईल वर करून उभे, कोणीतरी ओरडलं फ्लॅश बंद करा. आत्यानं हात जोडले अन् ती रडायला लागली, अन् मला त्या चढणीचा राग त्या क्षणी कुठं गेला काय माहीत. थोड्या वेळात ऊन सरकून गेलं. संध्याकाळी बिल पाहिल्यावर राग परत आला.

म्हणून पुढं जाणाऱ्यांनी असं करा. दीडशे किलोमीटरच्या आत राहत असाल तं पहाटे साडेचार-पाचला निघा, आठपर्यंत लोणार, काठ अन् धार पाहा, साडेदहाला मंदिरात. खाली उतरणं सोडून द्या. फक्त गाडीवाल्याला आधी विचारा की सकाळी किती वाजेच्या आधी निघालं तं रात्रीचा चार्ज लागतो, काही जण सहाच्या आधीचंही लावतात. खाली उतरायचंच असेल तं आदल्या दिवशी दुपारी जाऊन लोणारला मुक्काम करा, एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट विवराच्या जवळच आहे, पण किरणोत्सवाच्या दिवसांत आधी बुकिंग लागते. दोन तारखांचे पैसे द्यायचेच आहेत तं दोन दिवस वापरून तं घ्या. भाव ठरवताना किलोमीटर, दिवस कसा मोजणार, भत्ता, रात्र, टोल-पार्किंग कोणाकडे, हे पाचही मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून "हो" म्हणून उत्तर मागा. फोनवर बोललेलं नंतर कोणाला आठवत नाही. भाऊजींनी बिलावर तासभर भांडून टोलचे पाचशे कमी करून घेतले, ते २९४० मात्र गेले ते गेलेच.

उन्हाचा त्रास नको असेल तं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, किरणोत्सव नाही मिळणार पण विवर नीट फिरता येईल. पावसाळ्यात कडा हिरव्यागार होतात पण त्या पायऱ्यांवर शेवाळ, मी तरी जाणार नाही. नवरात्रात कमळजा मातेची यात्रा असते, तेव्हा गाडी कुठं लावायची हा वेगळाच प्रश्न.

येताना सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा अन् समाधी पाहिली, छान आहे, गर्दी नव्हती, तासाभरात झालं. तिथं फक्त १२ जानेवारीला गाडी घेऊन जाऊ नका, जिजाऊ जयंतीला गाडी गावाबाहेर लांबच लावावी लागते अन् दिवसाचं भाडं उभ्या गाडीलाच जाते.