म्युनिकमध्ये 'जोखमीचं' गरोदरपण आणि डॉक्टरची शोधाशोध

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आम्हाला म्युनिकला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. पहिल्या वेळी पुण्यात बीपी एवढं चढलं की आठव्या महिन्यातच सिझर, लेक अकरा दिवस काचेच्या पेटीत, त्यामुळे यावेळी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर पेढे वगैरे राहिलं बाजूला, आधी डॉक्टर शोधा असं झालं.

आणि डॉक्टर मिळेना! सात-आठ क्लिनिकला फोन केले, सगळीकडे एकच पालुपद, नवीन पेशंट घेत नाही. एकीने तर माझं मोडकंतोडकं जर्मन पूर्ण व्हायच्या आत फोन ठेवला. आई व्हॉट्सॲपवर, "अगं सरळ जाऊन बस तिथे, बघतीलच की." आई, इथे नंबर लावून बसायची सोय नसते गं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी घेतलं आणि 'मुटरपास' हातात दिला, म्हणजे गरोदर बाईचं निळं पुस्तक. त्यात 52 मुद्द्यांची यादी असते. वय 37, आधीचं सिझर, आधीचं बीपी, बाई शांतपणे फुल्या मारत गेल्या आणि म्हणाल्या, 'रिझिकोश्वांगरशाफ्ट'. जोखमीचं गरोदरपण. मी तिथेच रडायला लागले. त्या म्हणाल्या, अहो पस्तिशीपुढच्या सगळ्यांनाच इथे फुली पडते.

माझा घोळ असा की मी 'हाय रिस्क गायनॅक' शोधत बसले होते. इथे पाटीवर 'प्रेनाटालडियाग्नोस्टिक' (जन्माआधीच्या तपासण्या) लिहिलेलं असतं, आणि सोनोग्राफीत डॉक्टर किती मुरलाय ते 'डेगुम' (इथली सोनोग्राफीची संस्था) च्या पायरीवरून कळतं, 2 किंवा 3 बघायची, 3 सगळ्यात वरची. आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्यायची ('उबरवाइझुंग'), त्यावर अर्जंटचा कोड टाकून मागायचा, आणि तरी कुठे दाद लागली नाही तर 116117 ला फोन करायचा, ते अपॉइंटमेंट शोधून देतात. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! हो, आणि हॉस्पिटल ठरवताना 'पेरिनाटालसेंट्रुम लेव्हल 1' बघा, 1250 ग्रॅमच्या आतलं बाळ सांभाळायची तयारी तिथे असते.

तेराव्या आठवड्यात स्पेशालिस्ट भेटल्या. पुण्याची फाइल आधी पूर्ण वाचली, मग गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी), मग बीपीचा त्रास परत होऊ नये म्हणून गोळी दिली, ॲस्पिरिन 150, रोज रात्री, 36 व्या आठवड्यापर्यंत. म्हणजे सासरे अँजिओप्लास्टीनंतर घेतात तीच की! (मनाने घेऊ नका बायांनो, हे सगळ्यांसाठी नाही.)

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत त्यांनी सहज विचारलं, मुलगा की मुलगी सांगू का? इथे पहिल्या तीन महिन्यांनंतर सांगायला कायद्याची आडकाठी नाही. मी आधी दाराकडे बघितलं. जन्मभर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हीच पाटी वाचलेली ना. नवरा म्हणाला, सांगा सांगा.

दुसरीही लेकच!