'नो ड्यूज'च्या पाच चिठ्ठ्या

परवा माझ्याच कॉलेजने बोलावलं होतं. विषय, 'शिकून गावी परत या'. मी चाळीस मिनिटं बँकेवरच बोललो. शेवटी सरांनी चिठ्ठी सरकवली, 'जरा सकारात्मक बोला.'

फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. करून मी लातूर जिल्ह्यातल्या गावी आलो ते डाळ मिल टाकायला. तूर आमच्या रानातली आणि डाळ दुकानातून आणायची, हे लहानपणापासून खटकायचं. पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत तेव्हा खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळत होतं. स्वतःचे किमान १० टक्के घालायचे होते. अर्ज, प्रकल्प अहवाल सगळं कृषी विभागाच्या जिल्हा संसाधन व्यक्तीने फुकट करून दिलं. जिल्हा समितीतूनही प्रस्ताव सुटला. मी तर मिलचं नावही ठरवून टाकलं.

मग फाइल बँकेत गेली.

"इंजिनियर ना तुम्ही? पुण्यात नोकरी नाही लागली का?" साहेबांचा पहिला प्रश्न. दुसरं वाक्य, "परिसरातल्या पाच संस्थांचे नो ड्यूज आणा." म्हणजे कर्ज थकलेलं नाही, असे दाखले. चार चिठ्ठ्या दोन आठवड्यांत झाल्या. पाचवी विकास सोसायटीची. तिचा कारभार बघणाऱ्या गटसचिवांकडे तीन गावं, आमच्याकडे ते फक्त बाजाराच्या दिवशी. पहिल्या बाजारी आले नाहीत. दुसऱ्या बाजारी आले, पण वडिलांच्या पीककर्जाचं खातं 'बघावं लागेल'. तिसऱ्या बाजारी चिठ्ठी लिहिली, तर स्टॅम्प पॅड वाळलेला. त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडून त्यांनी शिक्का दाबला. निळा डाग उठला फक्त. बँकेने ती चिठ्ठी परत केली: शिक्का अस्पष्ट.

तोवर मशीनच्या कोटेशनची मुदत संपली होती. (कोटेशन बँकेच्या तारखेवर घ्या, स्वतःच्या उत्साहावर नाही.)

त्या रात्री झोप नव्हती म्हणून रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं चाळत बसलो. ग्रामीण भागातल्या वैयक्तिक कर्जदाराकडून नो ड्यूज मागू नका, असं बँकांना केव्हाच कळवलेलं! प्रिंट काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "हे वरून यायला पाहिजे." वरून म्हणजे अजून कुठून?

शेवटी संसाधन व्यक्तीने माझं प्रकरण जिल्ह्याच्या आढावा बैठकीतल्या प्रलंबित यादीत घालायला लावलं. आठवड्यात बँकेतूनच फोन, "या, सह्या करायच्यात." म्हणून सांगतो, तोंडी विचारत बसू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मी पहिले दोन महिने नुसता नमस्कार करून परत येत होतो, लाज वाटते आता.

हो, उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि मोफत असते. मी नेट कॅफेवाल्याला ५०० रुपये दिले. थ्री-फेज मीटरचा अर्जही आधीच टाका. अनुदान आलं तरी तीन वर्षं कर्जखात्याशी बांधलेलं असतं, ते हातात धरून हिशेब करू नका.

कॉलेजात भाषणानंतर एकच मुलगी थांबली. तिने विचारलं, "सर, त्या परिपत्रकाची प्रिंट आहे का?"

बॅगेतच होती.