तिने पॉज दाबला होता

प्लेटेस्ट (बाहेरच्या लोकांना बोलावून गेम खेळायला द्यायचा आणि ते कसे खेळतात ते बघायचं) होऊन तीन आठवडे झाले तरी तो शनिवार डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

मी महापेला एका गेम स्टुडिओत टेस्टर आहे. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने घणसोली, पुढे शेअर रिक्षा. लोकांना वाटतं दिवसभर गेम खेळतो. तसं नसतं, एकच जागा शंभर वेळा खेळायची, दर वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काही मोडलं की ते असं लिहायचं की डेव्हलपरला त्याच्या मशीनवर तसंच मोडता आलं पाहिजे.

गेमचं नाव करारामुळे सांगता येणार नाही. फोनवरचा आहे, रात्रीच्या खाडीत होडी वल्हवत दिवे गोळा करायचे. आधी पूर्ण एकट्याने खेळायचा होता, मग वरून ठरलं की यात माणसं आणायची. खेळाडूंनी आधी जमायची लॉबी नाही, ठरलेली मॅच नाही, तुम्ही आपले एकटे खेळताय आणि धुक्यातून एक होडी येते, ती चालवणारा खरा माणूस असतो, तो दिवा देईल नाहीतर नेईल. कल्पना जुनीच आहे. २००९ च्या डीमन्स सोल्समध्ये अनोळखी लोकांनी जमिनीवर लिहून ठेवलेले निरोप दिसतात, कुणी मेलं तिथे रक्ताचा डाग असतो, आणि मधेच कुणीतरी सरळ तुमच्या जगात घुसून तुम्हाला मारायला येतं. २०१२ च्या जर्नीत वाळवंटात एक सोबती भेटतो, त्याचं नाव खेळ संपेपर्यंत कळत नाही. मला हे गेम जीवापाड आवडतात, म्हणून या प्रोजेक्टवर मी मागून घेतलं होतं.

पण एकट्याच्या खेळात दुसरा आला की पहिला बळी जातो तो पॉजचा. डीमन्स सोल्समध्ये तुम्ही मेन्यू उघडून बसलात तरी समोरचा राक्षस थांबत नाही. त्याच कंपनीच्या २०१९ च्या सेकिरोत दुसरं कुणी येऊच शकत नाही, तिथे मात्र पॉज आहे.

आमचा गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनतोय. त्यात पॉज म्हणजे साधारणपणे टाइमस्केल, म्हणजे खेळातल्या वेळेचा वेग, शून्य करायचा, की तुमच्या फोनवरचं जग थांबतं. दोन्ही खेळाडूंना जोडणाऱ्या सर्व्हरचं घड्याळ कशाला थांबेल? मार्चमध्ये मला एकदाच दिसलं की पॉजमधून परत आल्यावर होडी थेट खडकात जाऊन बसली. डेव्हलपर म्हणाला माझ्याकडे होत नाही, हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. फोनवर जमेना म्हणून मी गेमच्या विंडोजवर चालणाऱ्या दोन बिल्ड, म्हणजे आवृत्त्या, काढून घेतल्या, क्लम्सी नावाचं एक फुकट टूल आहे नेटवर्क मुद्दाम बिघडवायला, त्यात २०० मिलिसेकंद लॅग (उशीर) आणि ५ टक्के पॅकेट ड्रॉप (डेटाचे तुकडे वाटेत गळणं) टाकले आणि दोन दिवस तेच ते करत बसलो. शेवटी सापडलं. दुसरी होडी जवळ असताना पॉज अकरा सेकंदांच्या वर गेला की तोवर आलेली पॅकेट्स रांगेत साठतात आणि पॉज काढला की सगळी एकदम लागू होतात. दहापैकी दहा वेळा. ते टिकेट, म्हणजे बगची लेखी नोंद, मी आजही नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवतो.

त्यावर फिक्स असा आला की दुसरी होडी जवळ असेल तर टाइमस्केल शून्य करायचाच नाही. मेन्यू येतो, स्क्रीन काळोखी होते, संगीत बंद पडतं, आणि खाली खेळ चालूच राहतो. मी तपासलं, होडी खडकात जात नव्हती. व्हेरिफाइड, क्लोज्ड, खाली माझं नाव.

शनिवारी बाहेरची सहा माणसं बोलावली होती. धुक्यातली अनोळखी होडी म्हणून शेजारच्या खोलीत मी बसलो होतो, आणि मला सूचना होती की होडी थांबलेली दिसली की दिवे काढून न्यायचे. प्रोड्यूसरला बघायचं होतं की लोक चिडून गेम सोडतात की परत वल्हवतात.

सहाजणांत कोपरखैरण्याच्या एक ताई होत्या. घरी कुणी नाही म्हणून पाचेक वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. सगळ्यांत छान खेळत होत्या त्या. मी पहिल्यांदा धुक्यातून त्यांच्याजवळ गेलो तर बाकीचे पळायचे तशा त्या पळाल्या नाहीत, होडी माझ्या होडीला लावली आणि आपणहून एक दिवा दिला. चाळीस मिनिटांनी त्यांच्याकडे चौदा दिवे होते, पंधरा झाले की पातळी संपते.

मग त्यांची होडी थांबली. मी गेलो. एका दिव्याला तीन सेकंद बोट दाबून धरावं लागतं, म्हणजे पाऊण मिनिट मी तेच करत होतो, चौदाही दिवे घेतले. माझ्या स्क्रीनवर पॉजची काहीच खूण नव्हती. नंतर सहज कॅमेऱ्याच्या मॉनिटरकडे बघितलं तर खुर्ची रिकामी. मुलाला शू लागली म्हणून त्या उठून गेल्या होत्या.

चार मिनिटांनी आल्या, मुलाचे ओले हात ओढणीला पुसले, फोन उचलला. "अहो, मी थांबवलं होतं ना?" त्यांच्यासमोर बसलेल्या आमच्या स्टुडिओतल्या मुलीला उत्तर द्यायची परवानगी नसते, नियमाप्रमाणे तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." पाचपैकी चार गुण दिले. शेऱ्यात लिहिलं, खेळ छान आहे, माझ्याकडून थांबवायचं राहून गेलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रोड्यूसरने तोच शेरा वाचला आणि म्हणाला की पॉज बटण कुठे आहे ते शिकवणारा एक स्क्रीन टाकू. मी सांगितलं की त्यांनी बटण बरोबर दाबलं होतं, व्हिडिओत दिसतंय. लीड म्हणाला, फिक्स तुझ्याच टिकेटवरचा आहे. खरंच होतं ते. नऊजण होतो आम्ही त्या खोलीत, आणि खेळताना घरातून हाक आली म्हणून फोन खाली ठेवावा लागतो असं आमच्यात एकही नव्हतं. चार महिने हा प्रश्न कुणाला पडला नाही, मलाही नाही, आणि मला तर पगारच असले प्रश्न पडण्याचा मिळतो.

मी नवीन टिकेट टाकलंय. जर्नीत पात्र मांडी घालून शांत बसू शकतं, तसं पॉज दाबला की होडीने नांगर टाकावा, तो दुसऱ्याला दिसावा आणि नांगरलेल्या होडीतला दिवा कुणाला काढता येऊ नये. लोक लुटण्यापासून वाचायला मुद्दाम पॉज दाबतील हा डेव्हलपरचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून दुसऱ्याची होडी येऊन टेकल्यावर नांगर पडणार नाही असंही लिहिलंय. सोबत रिकाम्या खुर्चीची चार मिनिटांची क्लिप जोडलीय. पुढच्या माइलस्टोनला घेतो म्हणालेत.

त्या ताईंना कळवायचं होतं की तुमचं काही चुकलं नव्हतं. एचआर म्हणतं प्लेटेस्टला आलेल्यांशी आपण परत संपर्क करत नाही. दोन ओळींचा मेल लिहून त्यांच्याकडे दिलाय, दोनदा आठवण केली, बघतो म्हणालेत. रिपोर्टमध्ये अजून त्यांच्या नावापुढे 'युजर एरर' असंच आहे.