तुम्ही विचारलंत म्हणून: समोरचा सही देत नसेल तर घटस्फोट मिळतो का?

मी पुण्यात फॅमिली कोर्टात वकिली करते, त्यामुळे लग्नकार्यात जेवायला बसले तरी शेजारची बाई हळूच विचारते, "ताई, आता कायदा बदललाय ना, संसार मोडलाच असेल तर सुप्रीम कोर्टाने लगेच घटस्फोट द्यायला सांगितलंय ना?" बदललाय, पण तुम्हाला वाटतं तेवढा नाही, आणि या गैरसमजात लोकांची वर्षं जातात म्हणून लिहितेय. (हे हिंदू विवाह कायद्याबद्दल, त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात.)

आपल्या मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ लाच आला होता, बडोद्यात तर सयाजीरावांनी १९३१ मध्ये केला. देशभर आला १९५५ ला. पण तेव्हा नवऱ्याने छळ केला किंवा टाकून दिलं तर थेट घटस्फोट नव्हता, फक्त कायद्याने वेगळं राहायची परवानगी मिळायची, म्हणजे नवरा-बायको हे नातं कागदावर तसंच. छळ म्हणजे काय यावर १९७५ ला सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आला तो पुण्याच्याच एका जोडप्याच्या केसमध्ये, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी दिलेला. जिवाला धोका असला पाहिजे असं नाही, मनाचा छळ हाही छळच, आणि तो खुनाच्या खटल्यासारखा संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. बायकोचं वागणं छळात बसतं असं कोर्टाने मानलं आणि तरी नवरा हरला, कारण त्यानंतरही दोघं नांदत होते, म्हणजे त्याने माफ केलं असं धरलं गेलं. हा मुद्दा आजही केस उलटवतो, लक्षात ठेवा.

खरा बदल १९७६ चा. छळ आणि टाकून देणं ही थेट घटस्फोटाची कारणं झाली आणि कलम १३ ब आलं, ज्याला सगळे 'म्युच्युअल' म्हणतात. वर्षभर वेगळे राहिलेले दोघं मिळून अर्ज टाकतात, सहा महिन्यांनी परत यायचं, मग डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम. कोणाची चूक हे कोर्ट विचारत नाही, राजीखुशीने करताय ना एवढं मात्र नीट विचारतं. २०१७ पासून ते सहा महिने माफ होऊ शकतात, पण पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन सगळं मिटलेलं हवं आणि वेगळं राहायला लागून दीड वर्ष झालेलं हवं. अर्ज टाकल्या टाकल्या मिळतं असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

आणि सही? डिक्री होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. मग सुरू होते ती सौदेबाजी, दागिने सोड मग सही देतो, पोटगी मागू नकोस मग सही देतो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायका आईने घातलेल्या बांगड्यासुद्धा सोडून मोकळ्या होतात आणि याला म्हणे परस्परसंमती!

२०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संसार पूर्ण मोडला असेल तर एकाचा विरोध असला तरी आम्ही राज्यघटनेच्या कलम १४२ खाली घटस्फोट देऊ शकतो. व्हॉट्सॲपवर फिरतो तो हाच निकाल. पण 'आम्ही' म्हणजे फक्त सुप्रीम कोर्ट, तेही त्यांच्या मर्जीने, आणि थेट तिथे जाऊन अर्ज करता येत नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या जजना हा अधिकारच नाही. तो देणारं बिल राज्यसभेत २०१३ ला मंजूर झालं होतं, त्यात बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळायची सोयही होती, पण ते लोकसभेत मंजूर झालंच नाही आणि बारगळलं. मला आजही वाटतं की तो कायदा व्हायला हवा, आणि त्या वाट्यासकटच व्हायला हवा, नाहीतर रिकाम्या हाताने बाहेर पडणारी पुन्हा बाईच.

अजून एक, स्टॅम्पपेपर. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का, वर 'फारकतनामा' असं टाइप केलेलं, हे घेऊन लोक येतात आणि तोवर एकाने दुसरं लग्नही केलेलं असतं. काही समाजांत रूढीने काडीमोड चालतो आणि कायदा तो मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांसाठी तो कागद म्हणजे घटस्फोट नाही आणि ते दुसरं लग्न गुन्हा ठरू शकतं.

तर सही मिळत नसेल तर छळ किंवा टाकून देणं सिद्ध करायचं, हाच रस्ता बहुतेकांसाठी उरतो. टाकून देण्याला केस टाकण्याआधीची सलग दोन वर्षं लागतात, म्हणून घर सोडलं ती तारीख आजच लिहून ठेवा, मेसेज डिलीट करू नका, दवाखान्याचे कागद असतील तर माहेरी ठेवा, आणि घटस्फोटाचा निकाल लागायची वाट न बघता अंतरिम पोटगीचा अर्ज आधी टाका.