क्रिप्टोचा टीडीएस २६एएसमध्ये दिसेपर्यंत: माझा अनुभव

क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, हे आता ऑफिसच्या कँटीनमध्येही कोणीही सांगतं. पण विकताना जो १ टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच कर, कापला जातो, तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही हे बघायला कोणी सांगत नाही. माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. आता पैसे मिळालेत, पण ज्या ॲपवर मी क्रिप्टो घेतो-विकतो, त्या एक्स्चेंजबद्दलचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी चाकणला नोकरी करतो, राहायला कोथरूडला. २०२१ पासून थोडं थोडं बिटकॉइन आणि इथेरियम घेत आलो. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन पहिल्यांदाच एक लाख डॉलरच्या वर गेलं, तेव्हा त्यातलं बरंचसं विकलं आणि काही इथेरियममध्ये बदलून घेतलं. एका कॉइनच्या बदल्यात दुसरं घेतलं, हातात एक रुपयाही आला नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने ते हस्तांतरणच. त्यावरही टीडीएस लागतो आणि नफा असेल तर करही.

आयकर विवरणपत्राचा फॉर्म भरणं तसं सोपं गेलं. पगारदार माणसाला क्रिप्टो असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. त्यात ‘शेड्यूल व्हीडीए’ हा क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेचा तक्ता आहे. प्रत्येक विक्रीसाठी खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत आणि मिळालेली रक्कम भरायची. वजावट फक्त खरेदी किमतीची. विकताना एक्स्चेंजने घेतलेलं कमिशन, त्यावरचा जीएसटी, कापलेला टीडीएस, यातलं काहीही नफ्यातून वजा होत नाही. तोट्याचा व्यवहार असेल तर उत्पन्नाच्या रकान्यात शून्य टाकायचं. म्हणजे बिटकॉइनमध्ये ४०,००० नफा आणि सोलानामध्ये १८,००० तोटा झाला, तरी कर पूर्ण ४०,००० वरच: १२,००० आणि सेसचे ४८०. तो तोटा पुढच्या वर्षीही नेता येत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. शेअरमधला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, इथे त्याच वर्षी बुडतो. पण नियम स्पष्ट आहे, त्यामुळे भरताना कुठे अडायला होत नाही.

अडलं ते पुढे. एक्स्चेंजच्या वार्षिक अहवालात ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत माझ्याकडून ६,४०० रुपये टीडीएस कापल्याचं लिहिलं होतं. २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर पोर्टलवरचा उतारा, उघडलं, तर इतर तिमाह्यांच्या नोंदी होत्या, ही तिमाही गायब. एआयएसमध्येही, म्हणजे खात्याकडच्या आपल्या व्यवहारांच्या वार्षिक माहितीपत्रकातही, नाही. एक्स्चेंजने या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायची मुदत ३१ जानेवारी असते. मी बघत होतो जूनमध्ये. म्हणजे ‘अजून अपडेट व्हायचं असेल’ असं म्हणायला जागाच नव्हती.

ॲपमधल्या मदतकेंद्रात लिहिलं. आधी बॉट, मग एक साचेबंद उत्तर: २६एएस अद्ययावत व्हायला वेळ लागतो, कृपया प्रतीक्षा करा. आणि लगेच तिकीट बंद! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. नंतर एकाने चक्क हात वर केले. म्हणे कर आम्ही भरलेला आहे, तुम्ही आयकर खात्याशी संपर्क साधा. चलन क्रमांक मागितला तर उत्तर नाही. फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र, मागितला तर ‘लवकरच उपलब्ध होईल’. पैसे कापताना यांच्या यंत्रणेला एक क्षणही लागत नाही. ते कोणाच्या नावावर जमा केले, एवढं सांगायला मात्र महिने लागतात, याची मला खरोखर चीड आली. ऑफिसमधले मित्र म्हणाले, सहा-साडेसहा हजारांसाठी कशाला एवढं डोकं लावतोस, सोडून दे. का सोडू? तो मी भरलेला कर आहे.

शेवटी बाजीराव रोडवर ज्या सीए मॅडमकडे वडिलांची विवरणपत्रं असतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेन्सिलीने त्या तिमाहीभोवती गोल केला आणि म्हणाल्या, “हे बघा, खात्यात खेटे घालून काही होणार नाही. ज्याने कापलाय त्याने आपलं विवरणपत्र दुरुस्त केल्याशिवाय तुमच्या पॅनवर आकडा यायचा नाही. चॅटवर बोलणं बंद करा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल टाका. ‘दुरुस्ती विवरणपत्र भरा’ हे शब्द त्यात आलेच पाहिजेत.”

तसं केलं. ईमेलमध्ये तिमाही, प्रत्येक व्यवहाराचा ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम आणि कापलेला टीडीएस असा तक्ता दिला. ॲपमधल्या केवायसी पानाचा स्क्रीनशॉट जोडला, ज्यावर माझा पॅन बरोबर दिसत होता. त्या तिमाहीचं २६एएस जोडलं. कलम १९४एसखाली कापलेल्या कराचं प्रमाणपत्र कलम २०३ नुसार देणं बंधनकारक आहे, ते द्या, असं स्पष्ट लिहिलं. तेव्हा कुठे माणसाने लिहिलेलं वाटावं असं उत्तर आलं: त्या तिमाहीच्या विवरणपत्रात माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकीचं गेलं होतं. त्यांच्याच ॲपमध्ये बरोबर असलेला पॅन विवरणपत्रात चुकतो कसा, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

दुरुस्ती भरल्याचं कळवल्यानंतरही नोंद लगेच आली नाही. रोज रात्री जेवण झालं की पोर्टल उघडून बघायचो. नशिबाने त्या वर्षी आपल्या आयकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, नाहीतर मॅडमचा दुसरा मार्ग धरावा लागला असता: ते ६,४०० सोडून मुदतीत विवरणपत्र भरायचं आणि नोंद आली की ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्रात ते मागायचे. नोंद नसताना दावा केला तर आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राकडून फरकाची मागणी येऊ शकते. तशी आलीच, तर कर कापला गेल्याचा पुरावा जवळ असावा. कापलेला कर कापून घेतलेल्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं कलम २०५ सांगतं.

ऑगस्टच्या शेवटी एका रात्री ती ओळ दिसली. एक्स्चेंजचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), १९४एस, ६,४००, आणि स्थितीच्या रकान्यात ‘एफ’. एफ म्हणजे अंतिम, पैसे जुळलेत. तिथे ‘यू’ असेल तर भरणा जुळलेला नाही, तेव्हा एवढ्यावर खूश होऊ नका. मी बायकोला उठवून ती ओळ दाखवली. इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

आता बाकीचं, जसं आठवतंय तसं. २६एएस दर तिमाहीला बघा. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत डिसेंबरची तिमाही दिसली नाही तर त्याच आठवड्यात ईमेल टाका, जूनची वाट बघू नका. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरणपत्र भरायची मुदत मात्र ३१ मे आहे, ती नोंद जूनमध्येच येते. तिच्यासाठी एप्रिलमध्ये घाबरू नका. एआयएसमध्ये दिसते ती विक्रीची पूर्ण रक्कम, नफा नव्हे. माझ्या मेहुण्याला तो आकडा बघून रात्रभर झोप लागली नव्हती. व्यवहारांची यादी दर मार्चअखेरीला उतरवून घ्या. एक्स्चेंज बंद पडलं तर २०२१ ची खरेदी किंमत कशाने दाखवणार? आणि डिसेंबरात मोठा नफा झाला असेल, टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० च्या पुढे जात असेल, तर १५ डिसेंबर आणि १५ मार्चचा आगाऊ कर भरा, नाहीतर व्याज लागतं. विवरणपत्रात नफा तिमाहीवार विचारतात तो त्याचसाठी.

एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. ईमेलमध्ये कलम लिहिताना व्यवहार कोणत्या वर्षीचा आहे ते बघूनच लिहा. आणि विवरणपत्र भरल्यावर आधार ओटीपीने ३० दिवसांच्या आत पडताळणी करा. मी त्याच रात्री केली.