जांभ्याच्या भिंतीआड

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावच्या घरात फायबरचे, म्हणजे काचेच्या तारेतून येणारे, इंटरनेट आले तेव्हा ते जोडायला आलेल्या मुलाने पांढरी पेटी ओटीवरच्या खुंटीशेजारी भिंतीला ठोकली, कारण वायर तिथपर्यंतच पुरत होती. ओटीवर बसलेल्या काकांच्या फोनवर लगेच बातम्या सुरू झाल्या. स्वयंपाकघरात आईच्या फोनवर मात्र गरगर फिरणाऱ्या चक्रापलीकडे काही उमटले नाही. "तुमचे वायफाय पुरुषमंडळींपुरतेच आहे वाटते," असे ती म्हणाली. घर बांधणाऱ्या पणजोबांनीही आल्यागेल्याची सोय ओटीपर्यंतच केलेली असल्यामुळे तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

ज्या घरात मी लहानाचा मोठा झालो, त्याच्या भिंती किती जाड आहेत हे मी त्या आठवड्यात प्रथम मोजले. जांभ्याची भिंत दीड फुटाची भरली. वायफायची लहर तिच्यातून सरळ गेली तर दीड फूट, पण ओटीच्या कोपऱ्यातून स्वयंपाकघराकडे ती तिरपी जाते, तेव्हा त्याच भिंतीचा तिला अडीच फुटांचा पल्ला पडतो. शिवाय जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरणारा, आणि पाणी या लहरींना गिळते. फोनमध्ये लहरींची ताकद दाखवणारे एक ॲप घेऊन मी घरभर हिंडलो. ओटीवर उणे 45, माजघराच्या उंबऱ्यावर उणे 68, चुलीपाशी उणे 85. आकडे दिसायला किरकोळ आहेत, पण या मोजणीत दहाने खाली उतरणे म्हणजे ताकद एकदशांश होणे. म्हणजे ओटीवर जेवढे होते त्याचा दहाहजारावा हिस्सा आईच्या वाट्याला येत होता, आणि मधल्या खोलीत आजीचे लोखंडी कपाट उभे होते ते वेगळेच.

पेटी दोन प्रकारच्या लहरी सोडते. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी मोठी. 5 गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही कमी. धाकटी वेगाने अधिक माल वाहते, पण भिंत दिसली की लवकर दमते; थोरली संथ असली तरी चिकाटीची. गावी थोरलीचाच आधार. पुण्यातल्या आमच्या सदनिकेत मात्र नेमके उलटे आहे. तिथे भिंती अर्ध्या विटेच्या, पण फोनवर शेजाऱ्यांच्या वीसेक वायफायची नावे दिसतात, आणि 2.4 च्या पट्ट्यात तेरा वाहिन्या असल्या तरी एकमेकींवर न चढणाऱ्या अशा तीनच निघतात : 1, 6 आणि 11. त्यामुळे इमारतीतली सगळी कुटुंबे एका नळावर हंडे घेऊन उभी असल्यासारखी असतात, आणि मधूनच कोणाचा तरी मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गुणगुणू लागतो. हा पट्टा भारतात 2005 पासून परवान्याशिवाय वापरता येतो, ही सोयही आहे आणि गर्दीचे कारणही.

भिंतीशी भांडण्यात अर्थ नव्हता. माळ्यावरून, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागून, मी केबल माजघरापर्यंत नेली. ही तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आम्हाला बावीस पुरले. तिच्या पोटात आठ तारा असतात, आणि टोकाला त्या ठरलेल्या क्रमाने बसवाव्या लागतात : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का घुसवली आहे, हा प्रश्न पहिल्यांदा क्रिंपिंग करणाऱ्या, म्हणजे तारांवर टोक दाबून बसवणाऱ्या, प्रत्येकाला पडतो. मी माझ्या समजुतीने हिरव्या दोन्ही शेजारी बसवल्या आणि तीन टोके वाया घालवली.

माजघरात पुण्याहून आणलेला जुना राउटर, म्हणजे ओटीवरच्या पेटीसारखीच वायफाय देणारी पेटी, लावला, आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. घरातल्या जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक तात्पुरता पत्ता देतो, जसा लग्नघरात यजमान पाहुण्याला कोणत्या पानावर बसायचे ते सांगतो. जुन्या राउटरचे हे यजमानपण बंद करायला मी विसरलो. त्यातच ओटीवरची पेटी आणि हा राउटर, दोघांचाही स्वतःचा पत्ता एकच, 192.168.1.1. आता एकाच पंगतीला दोन यजमान, दोघांचे नाव एक, आणि दोघेही आग्रहाने पाने मांडत आहेत. काकांच्या फोनला पान पहिल्याकडून मिळे, ते जेवत. भाच्याच्या लॅपटॉपला दुसऱ्याकडून मिळे, आणि त्याला बाहेरची वाट विचारली की तो बिचारा बंद भिंतीकडे बोट दाखवी. गंमत अशी की सकाळी उपाशी राहिलेले यंत्र संध्याकाळी जेवत असे, त्यामुळे दोष सापडेना. दोन दिवसांनी मी माजघरातल्या राउटरला 192.168.1.2 हा पत्ता दिला, त्याचे पत्ते वाटणे थांबवले, आणि पंगत सुरळीत झाली.

हे 192.168 ने सुरू होणारे पत्ते कोणाच्याही घरात सापडतात, कारण ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. 1996 साली या वाटणीचा दस्तऐवज निघाला. जुन्या पद्धतीचे जगात मिळून सुमारे 429 कोटीच पत्ते होऊ शकतात, आणि प्रत्येक फोनला स्वतःचा द्यायचा म्हटला तर ते पुरणारे नव्हते. काकांना हे सांगताना मला गिरणगावातली आमच्या गावाची खोली आठवली. तिथे गावचे पंधरा-वीस चाकरमानी पाळीपाळीने झोपत, आणि सगळ्यांचा टपालाचा पत्ता एकच असे. पोस्टमन खोलीपर्यंत येई. कोणाचे पत्र कोणाच्या ट्रंकेवर ठेवायचे ते खोली सांभाळणारा पाही. राउटर नेमके तेच करतो. बाहेरच्या जगाला आमच्या घराचा एकच पत्ता ठाऊक असतो, आणि कोणत्या फोनने काय मागवले होते याची टाचणे पाहून आलेले उत्तर तो त्याला पोचते करतो. काका त्या खोलीत सहा वर्षे राहिलेले असल्यामुळे, माझ्याआधीच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : "आणि खोलीतल्या खोलीत निरोप द्यायचा असला तर?" त्याला पोस्टमन लागत नाही.

हे जूनमध्ये फार उपयोगी पडले. वाऱ्यापावसात फणसाची फांदी रस्त्याकडेच्या खांबावर पडली, केसाएवढी बारीक काच कुठेतरी तुटली, आणि ओटीवरच्या पेटीवर लाल दिवा लागला. दुरुस्तीचा माणूस गुरुवारी येणार होता. "वायफाय गेले," असे सगळ्यांनी जाहीर केले. माझ्या मते गेले होते ते बाहेरचे नेट, घरातले वायफाय जागच्या जागी होते, पण हा फरक ऐकायला कोणी तयार नव्हते. रात्री मी माजघरातल्या राउटरला जुन्या फोटोंची हार्ड डिस्क जोडली आणि ते टीव्हीवर लावले. काकूचे लग्न, आत्याचे डोहाळजेवण, विहिरीला पाणी लागले त्या दिवशीचे आजोबा.

आई पदराला हात पुसत चुलीपासून उठून आली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"नेट आले का रे?"

"नाही. गुरुवारी."

"मग हे कुठून येते आहे?"

मी आजीच्या कपाटावर ठेवलेल्या डब्याकडे बोट दाखवले. तिने डब्याकडे पाहिले, मग टीव्हीकडे, आणि म्हणाली, "ते डोहाळजेवण पुन्हा लाव. मागे उभी आहे ती माझी मावशी."