देव मार्ग दाखवतो म्हणजे नक्की काय होतं?

ऑफिसात डबा खाताना हा प्रश्न येतोच, आणि हल्ली चर्चमधली कॉलेजची पोरंही विचारतात, की तुम्ही म्हणता ना देवाने मार्ग दाखवला, म्हणजे नक्की काय होतं, कानात आवाज येतो का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला तरी आजपर्यंत आवाज आलेला नाही. ज्यांना येतो ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही, पण नगरकडच्या आमच्या घरात आजीपासून सगळे ख्रिस्ती, आणि आवाज ऐकल्याचं कुणीच कधी सांगितलं नाही. प्रार्थना मात्र रोज, सकाळी चहाच्या आधी.

थर्टी फर्स्टच्या रात्री उपासना संपली की आमच्याकडे बायबलातल्या वचनांची कार्डं फिरतात, एक उचलायचं आणि ते आपलं वर्षाचं वचन. मलाही आवडतं ते, कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. पण त्या कार्डावरून फ्लॅट बुक करायचा की नाही हे ठरवणारे लोक पाहिले की जरा धास्तीच वाटते. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारा शिष्यांत नवा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या, मत्थियाचं नाव निघालं, हे खरंय, पण पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरतो आणि त्यानंतर बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात परत कुणी चिठ्ठ्या टाकत नाही.

त्याच पुस्तकातला प्रेषित पौल बघा ना. आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायचं होतं तर आत्म्याने अडवलं, बिथुनियाकडे वळला तर तिथेही नाही, मग त्रोवसला रात्री दृष्टान्त झाला की मासेदोनियाचा एक माणूस बोलावतोय, इकडे येऊन आम्हाला मदत कर. म्हणजे इतका स्पष्ट पत्ता मिळाला! आणि फिलिप्पैला पोचल्यावर काय, तर थोडे दिवस बरे गेले आणि मग छड्या आणि तुरुंग. रस्ता बरोबर होता तरी मार बसला. हे आमच्या साक्षींमध्ये, म्हणजे चर्चमध्ये उठून आपले अनुभव सांगतात त्यात, फारसं ऐकू येत नाही, तिथे प्रार्थना केली की पुढच्या वाक्यात प्रमोशन असतं.

पण देवावर टेकून जगणं म्हणजे काय असं कुणी खरंच खोदून विचारलं तर मी पंडिता रमाबाईंचं सांगते. अमेरिकेतल्या असोसिएशनने त्यांच्या कामाला दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं होतं, ती मुदत संपत आली आणि नेमका तेव्हाच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की आता खर्च आवरा. बाई उठून मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडं निघालेल्या मुलींना, बायकांना घेऊन आल्या, एकदोन नाही, शेकड्यांनी. पुढची सोय कोण करणार तर प्रभू, असं त्या सरळ म्हणायच्या. आता यातला पुढचा भाग लोक विसरतात. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी जमीन घेतली होती, तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. बायबल साध्या मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं त्या भाषांतराला बसल्या. आपल्यामागे मुक्ती मिशनचं, म्हणजे केडगावच्या या संस्थेचं, काम मुलगी मनोरमा सांभाळेल असं धरलं होतं, ती १९२१ मध्ये गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या, आणि त्यांचं बायबल छापून बाहेर आलं १९२४ ला. देवावर भरवसा ठेवून हातपाय गाळून बसणाऱ्यांनी केडगावला एक चक्कर मारावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता माझं विचाराल तर, आईचं डायलिसिस सुरू झालं त्याच सुमारास मला गुडगावची पोस्टिंग मिळत होती, पगार बराच जास्त. मी प्रार्थना केली, उपास केला, काही नाही, नुसती शांतता. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले तर त्यांनी विचारलं, आईला विचारलंस का? विचारलं नव्हतं! आई म्हणाली जा, मी काही लहान आहे का, आणि ते ज्या पद्धतीने म्हणाली त्यावरून मी राहिले. ही देवाची इच्छा होती असं छातीठोकपणे मी आजही सांगणार नाही. त्या बदल्यात दुसरी मोठी नोकरी वगैरे मिळाली असंही काही झालं नाही.

झालं ते एवढंच की महिला मंडळातल्या बायकांनी डायलिसिसचे वार आपसात वाटून घेतले, कुणी रिक्षाने सोबत जायचं, कुणी डबा पाठवायचं. बायबलातला एलीया पैगंबर झुडपाखाली आडवा होऊन मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, ऊठ आणि खा म्हणाला, उशाशी भाकर आणि पाणी ठेवलेलं, तो खाऊन परत झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं. मार्गाचं बोलणं नंतर. ती गोष्ट संडेस्कूलपासून पाठ होती, पण कळली आमच्या ओट्यावर दुसऱ्यांचे डबे दिसायला लागले तेव्हा.

यावर ऑफिसातल्या एकाने विचारलं, हे देव नसता तरी झालंच असतं की, माणसं चांगली होती म्हणून. असेल बाबा. शेजारच्या काकू ख्रिस्ती नाहीत आणि त्यांनीही भरपूर केलं, त्यांच्या गणपतीला नवस बोलून केलं. मी कुणाला सिद्ध करून दाखवायला निघालेली नाही. पण रात्री दोनला हॉस्पिटलच्या बाकावर चांगल्या माणसांना फोन करता येत नाही, तेव्हा मी देवाशी बोलायचे, आणि बोलणं म्हणजे बहुतेक भांडणच. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत भांडणं कमी नाहीत. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओळीतही उजाडत नाही, आणि तरी ते कुणी बायबलातून काढून टाकलेलं नाही याचा मला फार आधार वाटतो. पाळकसाहेबांना म्हटलं होतं यावर एकदा प्रवचन करा, ते म्हणाले बघू, अजून तरी झालेलं नाही.